मल्टिपल स्क्लेरोसिसमधील दृष्टिविकार

मल्टिपल स्क्लेरोसिस (बहुविध दृढन) या केंद्रीय तंत्रिका तंत्राच्या दीर्घकालीन विकारात दृष्टीच्या कार्यात उत्पन्न होणारे बिघाड. मेंदू, मेरुरज्जू आणि दृक् तंत्रिका यांमधील तंतूंभोवती मायेलीन या वसामय पदार्थाचे आवरण असते. विजेच्या तारेवरील निरोधक वेष्टनाप्रमाणे ते संवेदना त्वरेने व अचूक वाहून नेण्यास साहाय्य करते. या विकारात शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच मायेलिनावर आघात करते; आवरण जागोजाग नष्ट होते आणि त्या जागी व्रणासारख्या कठीण चकत्या तयार होतात. या चकत्यांवरूनच रोगाचे नाव पडले आहे. रोगाची सुरुवात बहुधा वयाच्या २० ते ४० वर्षांच्या दरम्यान होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटीहून अधिक प्रमाणात आढळतो. २०२० मध्ये जगातील रोग्यांची संख्या सु. २८ लाख असावी, असा अंदाज करण्यात आला होता. सु. एकपंचमांश रोग्यांत दृष्टीतील बिघाड हेच रोगाचे पहिले लक्षण असते आणि सु. निम्म्या रोग्यांत दृक् तंत्रिका केव्हा ना केव्हा ग्रस्त होते.

या दृष्टिविकारांच्या इतिहासाला वैद्यकाच्या इतिहासात विशेष महत्त्व आहे. रोग्याला जे जाणवते ते वैद्याला डोळ्यात पाहून दिसत नाही, ही पहिली अडचण. विकार पुष्कळदा आपोआप ओसरतो, त्यामुळे उपचाराचे श्रेय ठरविणे अवघड, ही दुसरी. तरुण वयात तात्पुरती दृष्टी गेलेल्या व्यक्तीला पुढील संभाव्य रोगाची कल्पना द्यावी की नाही, हा तिसरा प्रश्न. सु. दोनशे वर्षांत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कशी बदलत गेली आणि त्या काळात रोग्यांनी आपल्या अधू दृष्टीशी कसे जुळवून घेतले, याचा आढावा पुढे घेतला आहे.

विकारांचे स्वरूप : दृष्टीचे बिघाड प्रामुख्याने तीन प्रकारचे असतात. पहिला दृक् तंत्रिकाशोथ. यात बहुधा एकाच डोळ्याची दृष्टी काही तासांत वा दिवसांत मंद होते, डोळा हलविताना दुखतो, दृष्टिक्षेत्राच्या मध्यभागी डाग आल्यासारखे वाटते आणि रंग, विशेषतः तांबडा, फिका व मळकट दिसू लागतो. दोन-तीन आठवड्यांनंतर सुधारणा सुरू होते आणि बहुतेकांना काही महिन्यांत बऱ्यापैकी दृष्टी परत मिळते. दुसरा प्रकार द्विधा दृष्टीचा. दोन्ही डोळ्यांच्या हालचालींचा मेळ घालणारे तंतू मस्तिष्क स्तंभातून जातात. ते ग्रस्त झाल्यास एक डोळा बाजूला वळतो, परंतु दुसरा नाकाच्या दिशेने पुरेसा वळत नाही आणि एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. तिसरा प्रकार नेत्रदोलाचा. यात डोळे आपोआप लयबद्ध हेलकावे घेतात आणि रोग्याला स्थिर वस्तूही हलताना दिसतात. या जाणिवेला रिचर्ड ब्रिकनर या अमेरिकन तंत्रिकाविज्ञांनी १९३६ मध्ये स्वतंत्र नाव दिले व ते या रोगाचे नेहमी आढळणारे लक्षण असल्याचे दाखविले. हे तिन्ही प्रकार एकाच रोग्यात वेगवेगळ्या काळी किंवा एकत्रही आढळतात. दोन्ही डोळे कायमचे पूर्ण अंध होणे मात्र विरळा आहे.

प्रारंभीच्या नोंदी : नेदर्लंड्समधील स्खीडाम येथील लिडविना (१३८०–१४३३) या संत स्त्रीच्या चरित्रात बर्फावर पडल्यानंतरचा दीर्घ आजार, चालण्यातील अडचण आणि एका डोळ्याची गेलेली दृष्टी यांची वर्णने आहेत. त्यावरून तिला हाच रोग झाला असावा, असे काही अभ्यासक मानतात. तथापि धार्मिक हेतूने लिहिलेल्या चरित्रावरून इतक्या शतकांनंतर निदान करणे धोक्याचे असल्याने हे मत सर्वमान्य नाही.

खात्रीलायक म्हणता येईल अशी पहिली नोंद एका रोग्यानेच करून ठेवली आहे. इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांचे नातू सर ऑगस्टस देस्ते (१७९४–१८४८) हे डिसेंबर १८२२ मध्ये एका वडीलधाऱ्या आप्ताच्या भेटीसाठी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेले. परंतु ते पोहोचण्यापूर्वीच त्या आप्ताचे निधन झाले. अंत्यविधीनंतर लगेचच देस्ते यांची दृष्टी इतकी मंद झाली की, आलेली पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली आणि उत्तरेही दुसऱ्याच्या हातून लिहवावी लागली. कोणताही उपचार न करता त्यांचे डोळे पूर्ववत झाले. पुढील वर्षांत असे झटके पुन्हा आले. १८२७ च्या शरद ऋतूत फ्लॉरेन्स येथे असताना त्यांना प्रत्येक वस्तू दुहेरी दिसू लागली. तेथील वैद्याने पित्तप्रकोप हे कारण ठरवून जळवा लावल्या. द्विधा दृष्टी गेली, पण त्याच सुमारास पायांतील शक्ती कमी होऊ लागली आणि अखेरच्या वर्षांत चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. देस्ते यांनी सु. पंचवीस वर्षे आपल्या आजाराची रोजनिशी ठेवली होती. ती विसाव्या शतकात डग्लस फर्थ यांच्या हाती आली व त्यांनी १९४८ मध्ये तिच्यावर आधारित पुस्तक प्रसिद्ध केले. रोगाला नाव मिळण्यापूर्वी लिहिलेली असल्याने ही रोजनिशी कोणत्याही पूर्वकल्पनेने रंगलेली नाही, हे तिचे विशेष मूल्य होय. दृष्टी जाणे, आपोआप परत येणे, पुन्हा वेगळ्या रूपाने बिघडणे आणि मधल्या काळात झालेल्या उपचारास सुधारणेचे श्रेय मिळणे हा सर्व क्रम तीत स्पष्टपणे आढळतो.

एकोणिसावे शतक : रोगाचे शारीर स्वरूप प्रथम शवविच्छेदनातून उघडकीस आले. फ्रान्समध्ये झां क्र्युव्हेल्ये (१७९१–१८७४) व इंग्लंडमध्ये रॉबर्ट कार्सवेल (१७९३–१८५७) यांनी १८३० ते १८४२ च्या सुमारास मेरुरज्जू व मस्तिष्क स्तंभ यांवरील विवर्ण चकत्यांची चित्रे आपापल्या चित्रसंग्रहांत दिली. कार्सवेल यांचा संग्रह १८३८ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीतील फ्रीड्रिख फोन फ्रेरिख्स (१८१९–८५) यांनी १८४९ मध्ये जिवंत रोग्यात या विकाराचे निदान करण्याचा प्रयत्न केला आणि नेत्रदोल हे त्याचे एक लक्षण असल्याचे नमूद केले.

याच सुमारास नेत्रवैद्यकात मोठी क्रांती घडली. हेर्मान फोन हेल्महोल्ट्स (१८२१–९४) यांनी १८५१ मध्ये नेत्रदर्शक (ऑप्थॅल्मोस्कोप) या उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली आणि जिवंत माणसाच्या डोळ्यातील जालपटल व दृक् तंत्रिकेचे मुख प्रत्यक्ष पाहता येऊ लागले. बर्लिनमधील आल्ब्रेख्ट फोन ग्रेफे (१८२८–७०) यांनी त्याचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. परंतु काही रोग्यांत दृष्टी जवळजवळ गेलेली असूनही डोळ्याचा अंतर्भाग अगदी निर्दोष दिसे. शोथ नेत्रगोलाच्या मागे, तंत्रिकेच्या आतील भागात असल्यामुळे उपकरणाला तो दिसत नसे. ‘रोग्यालाही काही दिसत नाही आणि वैद्यालाही काही दिसत नाही’ अशा अर्थाची उक्ती नेत्रवैद्यांत या विकाराविषयी रूढ झाली. तंत्रिकेच्या मुखाची कानशिलाकडील बाजू फिकट पडल्याचे पुढे काही आठवड्यांनी दिसून येई; तोवर झटका ओसरलेला असे. लंडनमधील एडवर्ड नेटलशिप (१८४५–१९१३) यांनी १८८४ मध्ये अशा रोग्यांची सविस्तर वर्णने दिली.

रोगाला निश्चित स्वरूप देण्याचे श्रेय झां मार्तँ शार्को (१८२५–९३) यांच्याकडे जाते. पॅरिस येथील साल्पेत्रिएर रुग्णालयात १८६८ मध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी या विकाराचे वेगळेपण सिद्ध केले. नेत्रदोल, हेतुपूर्वक हालचाल करताना येणारा कंप आणि तुटक उच्चार ही तीन लक्षणे त्यांनी निदानासाठी महत्त्वाची मानली. दृष्टीसंबंधी त्यांचे एक निरीक्षण फार मोलाचे ठरले. जिवंतपणी ज्यांची दृष्टी केवळ मंद झाली होती अशा काही रोग्यांच्या दृक् तंत्रिकेची संपूर्ण जाडी शवविच्छेदनात चकतीने व्यापलेली आढळली. तंतूंचे आवरण गेले तरी आतील अक्षदंड पुष्कळ अंशी शिल्लक राहतो, असे त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखविले होते. दृष्टी गेल्यावर ती परत का येऊ शकते, याच्या उलगड्याची सुरुवात येथे झाली.

नेत्रलक्षणांचा पहिला पद्धतशीर अभ्यास व्हिल्हेल्म ऊटहोफ (१८५३–१९२७) या जर्मन नेत्रवैद्यांनी केला. या रोगाच्या शंभर रोग्यांच्या डोळ्यांची तपासणी करून त्यांनी १८९० च्या सुमारास आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही रोग्यांची दृष्टी शारीरिक श्रमानंतर तात्पुरती मंद होते व विश्रांतीनंतर पूर्ववत होते, असे त्यांना आढळले. श्रम हेच याचे कारण असावे, असे त्यांना वाटले. शरीराचे वाढलेले तापमान हे खरे कारण असल्याचे पुढे स्पष्ट झाले. आवरण गेलेल्या तंतूतून संवेदनेचे वहन आधीच काठावर चाललेले असते आणि तापमान अर्धा-एक अंश वाढले तरी ते खंडित होऊ शकते. १९६१ पासून या आविष्काराला ऊटहोफ यांचे नाव रूढ झाले. १९५० नंतरच्या काही दशकांत रोग्याला उष्ण पाण्यात बसवून लक्षणे वाढतात का, हे पाहण्याची परीक्षा निदानासाठी वापरीत. सुरक्षित व अधिक खात्रीची साधने मिळाल्यावर ती मागे पडली.

चुकीची निदाने व उपचार : डोळ्यात काही दिसत नाही, तक्रार येते व जाते आणि रोगी बहुधा तरुण स्त्री असते, या तीन गोष्टींमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक रोग्यांवर उन्मादाचा (हिस्टेरियाचा) शिक्का बसला. लंडनमधील टॉमस बझर्ड यांनी १८९१ मध्ये तंत्रिका तंत्राचे शारीरिक विकार उन्मादासारखे कसे भासतात, यावर ग्रंथ लिहून अशा रोग्यांकडे लक्ष वेधले. तरीही तक्रारीवर विश्वास न बसण्याचा अनुभव पुढेही पुष्कळ काळ रोग्यांच्या वाट्याला येत राहिला.

दुसरी चूक याच्या उलट स्वरूपाची होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत दृक् तंत्रिकाशोथाचे मूळ नाकाच्या मागील अस्थिविवरांतील (सायनसमधील) जंतुसंसर्गात आहे, असे मत प्रबळ होते. त्यामुळे अनेक रोग्यांची ही विवरे शस्त्रक्रियेने उघडण्यात आली. काही आठवड्यांत दृष्टी सुधारे आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याची नोंद होई. यांपैकी बहुतेकांची दृष्टी शस्त्रक्रियेवाचूनही सुधारली असती, हे उपचार न केलेल्या रोग्यांशी तुलना केल्यावाचून कळणे शक्य नव्हते. फ्लॉरेन्समधील जळवा आणि ही शस्त्रक्रिया यांत साधनांचा फरक मोठा असला, तरी तर्कदोष एकच होता. निसर्गतः ओसरणाऱ्या विकारात प्रत्येक उपचार गुणकारी भासतो, हा धडा वैद्यकाला या रोगाने दिला.

रोग्याला काय सांगावे : दृक् तंत्रिकाशोथ आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांचा संबंध नेत्रवैद्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ठाऊक होता. परंतु दृष्टी सुधारलेल्या तरुण रोग्याला ही शक्यता न सांगण्याकडे कल होता. उपचार उपलब्ध नसताना भीती कशाला घालावी, असा यामागे विचार असे. या प्रथेचे दुष्परिणाम ब्रूस फ्रेडरिक कमिंग्ज (१८८९–१९१९) यांच्या उदाहरणात दिसतात. ते लंडन येथील ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गेतिहास विभागात कीटकशास्त्रज्ञ होते. १९१५ मध्ये सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीसाठी जाताना त्यांच्या डॉक्टरांनी एक मोहोरबंद पत्र दिले होते. तपासणीत पत्राची गरजच न पडल्याने परतताना त्यांनी ते उघडले आणि आपल्या रोगाचे नाव त्यांना प्रथमच समजले. त्यांच्या पत्नीला मात्र ते विवाहापूर्वीच सांगण्यात आले होते. डब्ल्यू. एन्. पी. बार्बेलियन या टोपणनावाने १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची रोजनिशी या रोगाच्या वाङ्मयातील महत्त्वाचा ग्रंथ मानली जाते.

माहिती दडविण्याचा पायंडा पुढे क्रमाक्रमाने मोडला. न्यूयॉर्क येथील सिल्व्हिया लॉरी यांनी आपल्या आजारी भावासाठी १९४५ मध्ये वृत्तपत्रात जाहिरात देऊन या रोगातून बरे झालेल्यांची माहिती मागविली. उत्तरे आली ती बहुतांशी त्यांच्यासारख्याच चिंतेत असलेल्या कुटुंबांकडून. त्यातून १९४६ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि रोगी व कुटुंबीय हे माहितीचे केवळ ग्राहक न राहता मागणीदार बनले.

मापनाची साधने : दृष्टी मोजण्याचे सर्वपरिचित साधन म्हणजे हेर्मान स्नेलेन (१८३४–१९०८) यांनी १८६२ मध्ये तयार केलेला अक्षरांचा तक्ता. पांढऱ्यावरील ठळक काळी अक्षरे वाचण्याची क्षमता त्याने कळते. पण शोथ ओसरल्यावर तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा रोगीही संधिप्रकाशात पायऱ्या नीट दिसत नाहीत, गर्दीत चेहरे ओळखता येत नाहीत वा रंग फिके वाटतात, अशी तक्रार करतो. ही तक्रार खरी असल्याचे दाखविणारी साधने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळत गेली. १९५९ मध्ये पॉल लेव्हॅटिन यांनी विजेरीचा प्रकाश एका डोळ्यावरून दुसऱ्यावर आलटून-पालटून टाकण्याची सोपी परीक्षा वर्णिली. ग्रस्त डोळ्यावर प्रकाश येताच बाहुली आकुंचन पावण्याऐवजी विस्तारते. ही परीक्षा रोग्याच्या सांगण्यावर अवलंबून नसल्याने तिला फार महत्त्व आले.

लंडनमधील क्वीन स्क्वेअर येथील राष्ट्रीय रुग्णालयात मार्टिन हॅलिडे, इअन मक्डॉनल्ड (१९३३–२००६) व त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये पुढचे पाऊल टाकले. पडद्यावरील काळ्या-पांढऱ्या चौकटी उलटसुलट करीत असताना डोक्याच्या मागील भागावरील विद्युत् अग्रांनी मेंदूचा प्रतिसाद नोंदविला जातो. निरोगी माणसात तो सु. १०० सहस्रांश सेकंदांनी येतो. दृक् तंत्रिकाशोथ होऊन गेलेल्या डोळ्यात तो स्पष्टपणे उशिरा येतो आणि दृष्टी सुधारल्यावरही हा विलंब बहुधा कायम राहतो. सुधारलेल्या दृष्टीतही उणीव राहते, याचा हा मोजता येणारा पुरावा होता. १९८१ मध्ये लंडनच्याच हॅमरस्मिथ रुग्णालयातील इअन यंग व सहकाऱ्यांनी चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाने (एमआरआयने) मेंदूतील चकत्या जिवंत रोग्यात दाखविल्या. १९९१ मध्ये प्रकाशीय छेदप्रतिमादर्शनाचे (ओसीटीचे) तंत्र पुढे आले व जालपटलावरील तंत्रिका-तंतूंच्या थराची जाडी काही सूक्ष्ममीटरांपर्यंत मोजता येऊ लागली. फिकट करड्या अक्षरांचे तक्तेही आता वापरात आहेत आणि संधिप्रकाशातील अडचणीची कल्पना त्यांवरून येते.

चिकित्सेची कसोटी : अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकाशी संबंधित हॉर्मोने १९५० नंतर या रोगात वापरली जाऊ लागली. दृक् तंत्रिकाशोथात ती कितपत उपयोगी पडतात, हे मात्र अनिर्णित होते. अमेरिकेतील पंधरा केंद्रांत १९८८ ते १९९१ या काळात ४५७ रोग्यांना चाचणीत समाविष्ट करून याचा निकाल लावण्यात आला. एका गटास मेथिलप्रेडनिसोलोन शिरेवाटे व नंतर प्रेडनिसोन तोंडाने, दुसऱ्यास केवळ प्रेडनिसोन तोंडाने आणि तिसऱ्यास औषधासारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनपेक्षित होते. शिरेवाटे औषध दिल्यास दृष्टी लवकर परतते. परंतु वर्षअखेर तिन्ही गटांच्या दृष्टीत विशेष फरक राहत नाही. त्या मात्रेत केवळ तोंडाने प्रेडनिसोन घेतलेल्यांत तर झटका पुन्हा येण्याचे प्रमाण वाढले. रूढ असलेला उपचार तुलनेच्या कसोटीवर टिकला नाही, हे याचे तात्पर्य होय.

याच रोग्यांचा पंधरा वर्षे मागोवा घेतल्याने तिसऱ्या प्रश्नाचेही उत्तर मिळाले. त्या अवधीत सु. ५०% रोग्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस निश्चित झाला. प्रारंभीच्या प्रतिमादर्शनात मेंदूत एकही चकती नसलेल्यांत हे प्रमाण सु. २५%, तर एक वा अधिक चकत्या असलेल्यांत सु. ७२% होते. रोग्याला आता अंदाजाऐवजी आकडा सांगता येऊ लागला. १९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा-१बी या पहिल्या रोगनियंत्रक औषधास मान्यता मिळाली आणि त्यानंतर अनेक औषधे आली. लवकर निदान झाल्यास लवकर उपचार करता येतात, त्यामुळे माहिती न देण्याचे जुने समर्थनही उरले नाही. काही औषधांच्या बाबतीत डोळ्यांवर लक्ष ठेवावे लागते. उदा., २०१० मध्ये मान्यता मिळालेल्या फिंगोलिमोड या तोंडाने घ्यावयाच्या औषधाने काही रोग्यांत जालपटलाच्या मध्यभागी सूज येते. म्हणून नेत्रतपासणी करतात.

भारतातील अनुभव : हा रोग विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत अधिक आढळत असल्याने भारतात तो नाहीच, असा समज दीर्घकाळ होता. मुंबईतील तंत्रिकाविज्ञांनी १९८० नंतरच्या दशकात पारशी समाजात केलेल्या पाहण्यांत त्याचे प्रमाण इतर भारतीयांपेक्षा अधिक असल्याचे दिसून आले. प्रतिमादर्शनाची यंत्रे देशभर उपलब्ध होत गेली, तसतशी सर्वच समाजांतील रोग्यांची संख्या लक्षात येऊ लागली. भारतीय रोग्यांत दृक् तंत्रिका ग्रस्त होण्याचे प्रमाण लक्षणीय असल्याचे अभ्यासकांनी नमूद केले आहे. येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. फ्रान्समधील अझेन देव्हिक (१८५८–१९३०) यांनी १८९४ मध्ये दृक् तंत्रिका व मेरुरज्जू यांना एकाच वेळी ग्रासणाऱ्या विकाराचे वर्णन केले होते. आशियात तो पुष्कळदा मल्टिपल स्क्लेरोसिसचाच प्रकार समजला जाई. २००४–०५ मध्ये व्हँडा लेनन व सहकाऱ्यांनी या रोग्यांच्या रक्तात अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे शोधून काढली आणि तो स्वतंत्र रोग असल्याचे सिद्ध झाले. यात दृष्टीची हानी अधिक तीव्र व कायमची असते आणि मल्टिपल स्क्लेरोसिसवरील काही औषधांनी तो बळावतो, म्हणून दोहोंतील फरक ओळखणे रोग्याच्या दृष्टीने निर्णायक असते.

दृष्टिदोषाशी जुळवणूक : देस्ते यांनी पत्रे दुसऱ्याकडून वाचून घेतली, तेव्हा रोग्याजवळ यापेक्षा वेगळा उपाय नव्हता. पुढील काळात प्रत्येक विकारासाठी काही ना काही साधन उपलब्ध झाले. द्विधा दृष्टीवर सर्वांत जुना व साधा उपाय म्हणजे एक डोळा झाकणे. त्याने दुसरी प्रतिमा तत्काळ नाहीशी होते. पण अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून जिना उतरताना व चहा ओतताना जपावे लागते. झाकण आलटून-पालटून दोन्ही डोळ्यांवर ठेवतात. द्विधा दृष्टी काही काळ टिकणारी असल्यास चष्म्याला लोलक बसवून दोन प्रतिमा एकत्र आणतात. ओग्युस्तँ फ्रेनेल (१७८८–१८२७) यांनी दीपगृहांसाठी योजलेल्या भिंगाच्या तत्त्वावर आधारलेले पातळ प्लॅस्टिकचे लोलक १९७० च्या सुमारास वापरात आले. ते नेहमीच्या चष्म्यावर चिकटविता येतात व विकार बदलल्यास बदलता येतात. नेत्रदोलावर गाबापेंटिन व मेमॅंटिन ही औषधे काही रोग्यांत उपयोगी पडतात. ज्या दिशेने पाहिल्यास हेलकावे कमी होतात, ती दिशा शोधून मान त्याप्रमाणे वळविण्याची युक्ती अनेक रोगी आपण होऊन शिकतात.

एका विलक्षण अडचणीचा उलगडा भौतिकीतून झाला. कार्ल पुल्फ्रिख (१८५८–१९२७) या जर्मन भौतिकीविज्ञांनी १९२२ मध्ये दाखविले की, एका डोळ्यावर काळी काच धरल्यास सरळ रेषेत झुलणारा लंबक लंबवर्तुळात फिरताना दिसतो. कारण मंद प्रकाशातील प्रतिमा मेंदूकडे उशिरा पोहोचते. स्वतः पुल्फ्रिख एका डोळ्याने अंध असल्याने हा आविष्कार त्यांना कधीच पाहता आला नाही. दृक् तंत्रिकाशोथ होऊन गेलेल्या रोग्यात काळ्या काचेवाचूनच असा विलंब असतो. त्यामुळे समोरून येणारे वाहन वा चेंडू वाकड्या मार्गाने येत असल्याचे भासते व रस्ता ओलांडणे अवघड होते. निरोगी डोळ्यासमोर योग्य गडदपणाची काच बसविल्यास दोन्ही प्रतिमा एकाच वेळी पोहोचतात आणि हा भास पुष्कळ अंशी दूर होतो. ज्या तक्रारीला पूर्वी मनाचे खेळ म्हटले गेले असते, तिच्यावर एका रंगीत काचेने उपाय होऊ शकतो.

उष्णतेने येणाऱ्या मंदतेबाबत रोग्याने समजून घ्यावयाची मुख्य गोष्ट ही की, ती नवा झटका नसून तात्पुरता अडथळा आहे व शरीर थंड झाल्यावर दृष्टी पूर्ववत होते. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात या ज्ञानाचे महत्त्व विशेष आहे. बाहेरची कामे सकाळी लवकर उरकणे, कढत पाण्याची आंघोळ टाळणे, मानेभोवती ओला पंचा ठेवणे, थंड पाणी पिणे आणि व्यायाम पंख्याखाली टप्प्याटप्प्याने करणे यांनी पुष्कळ फरक पडतो. तापात दृष्टी मंद झाल्यास आधी ताप उतरविणे आवश्यक असते. याउलट दृष्टीतील नवा बिघाड एक दिवसाहून अधिक टिकल्यास विलंब न करता तज्ञाला दाखवावे.

मंद झालेल्या दृष्टीसाठी प्रकाश व रंगविरोध यांचा उपयोग होतो. पायऱ्यांच्या कडांवर पिवळा पट्टा ओढणे, पांढरा भात गडद रंगाच्या ताटात वाढणे, वाचताना ओळीखाली काळी पट्टी धरणे आणि दिवा डोळ्यांवर न येता कागदावर पडेल असा ठेवणे, ही साधी उदाहरणे होत. १९६९ च्या सुमारास अमेरिकेतील सॅम्युएल गेनेन्स्की यांनी बंद परिपथ दूरचित्रवाणीने मजकूर मोठा करून दाखविणारे यंत्र प्रचारात आणले. ध्वनिमुद्रित पुस्तके १९३४–३५ पासून अमेरिका व ब्रिटनमध्ये अंधांसाठी उपलब्ध झाली आणि १९७६ मध्ये रेमंड कुर्झवाइल यांनी छापील मजकूर मोठ्याने वाचणारे यंत्र लोकांपुढे आणले. ही सर्व कामे आता खिशातील दूरध्वनीवर होतात व मराठी मजकूरही तो वाचून दाखवितो. या रोगात अशा साधनांचे मोल अधिक आहे, कारण अंधांसाठीची रूढ साधने येथे अपुरी पडतात. बोटांची संवेदना कमी झालेल्या रोग्याला ब्रेल लिपीचे ठिपके चाचपता येत नाहीत. हाताला कंप असल्यास भिंग स्थिर राहत नाही. चालण्यासाठी कुबडी धरलेल्या हातात पांढरी काठी मावत नाही. दृष्टीचा विचार शरीराच्या इतर दुबळेपणापासून वेगळा करता येत नाही, हा नेत्रवैद्य व पुनर्वसन कार्यकर्ते यांना मिळालेला धडा आहे. थकव्याने दृष्टी दिवसभरात बदलत असल्याने बारीक वाचनाची कामे सकाळी ठेवून मधूनमधून डोळे मिटून विश्रांती घेण्याचा सल्ला देतात.

सांप्रत स्थिती : २०२२ मध्ये अमेरिकेतील एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदींवरून एप्स्टाइन-बार या व्हायरसाचा संसर्ग हा या रोगाच्या उत्पत्तीतील महत्त्वाचा घटक असल्याचे दाखविण्यात आले, मात्र संसर्ग झालेल्यांपैकी फारच थोड्यांना रोग होतो. नष्ट झालेले मायेलीन पुन्हा निर्माण करणाऱ्या औषधांच्या चाचण्यांत दृक् तंत्रिकेचा विद्युत् प्रतिसाद हेच मोजमाप वापरतात. मक्डॉनल्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निदान-निकषांच्या २०२४ च्या आवृत्तीत मेंदू व मेरुरज्जू यांतील स्थानांबरोबर दृक् तंत्रिकेलाही रोगाचे स्वतंत्र स्थान म्हणून मान्यता मिळाली. रोग्यांच्या पहिल्या तक्रारीला निदानात पूर्ण वजन मिळण्यास शार्को यांच्या व्याख्यानांपासून दीडशेहून अधिक वर्षे लागली. भारतात अपंग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या अधिनियमात नमूद केलेल्या २१ प्रकारच्या अपंगत्वांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. तथापि अपंगत्वाचे प्रमाण ठरविताना तक्त्यावरील अक्षरे हेच मुख्य माप धरले जाते. उष्णतेने, थकव्याने व संधिप्रकाशात बदलणारी दृष्टी त्या मापात पुरती उतरत नाही. तक्त्यावर ६/६ दृष्टी असलेल्या माणसाला रस्ता नीट दिसत नसेल, हे मालक, शिक्षक व कुटुंबीय यांना पटविण्याचे काम आजही रोग्यालाच करावे लागते.

पहा : अंधत्व, डोळा, तंत्रिका तंत्र, दृष्टिदोष, मेंदू.